बदकांचे आजोळ

२०२२ च्या मे महिन्यात माझी नऊ वर्षांची भाची पुण्याहून नागपूरला, म्हणजे तिच्या आजोळी, आली होती. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी मुलांना घराबाहेर सोडण्याची सोय नसते. खिडक्यांना ओले पडदे, वाळ्याचा कूलर आणि त्याच्या घरघरीवर मात करण्यासाठी मोठा केलेला टीव्हीचा आवाज, अशी आमची दुपार चालली होती. तिने 'डकटेल्स' लावले. मी लहानपणी पाहिले होते ते नव्हे, तर २०१७ मध्ये नव्याने सुरू झालेले. पाचेक मिनिटे झाली असतील-नसतील, तिने मान न वळवता विचारले, "मामा, हा स्क्रूज यांचा कोण?"

"अंकल," मी म्हणालो. दूरदर्शनवर तो हिंदीतून बोलत असे तेव्हाही तो अंकल स्क्रूजच होता, आणि त्यापलीकडे काही विचारावे असे मला इतक्या वर्षांत वाटले नव्हते.

"अंकल म्हणजे काका की मामा?"

मला उत्तर देता आले नाही. ज्या कार्टूनसाठी आम्ही रविवारी उजाडण्याची वाट पाहायचो, ज्याची शीर्षकधून आजही कुठे कानावर पडली तर पाय थबकतात, त्यातल्या मुख्य माणसाचे, माणसाचे म्हणजे बदकाचे, मुलांशी नेमके नाते काय हे मला ठाऊक नव्हते. त्या रात्री मी बसून ते शोधून काढले. स्क्रूजची एक बहीण आहे, हॉर्टेन्स. तिची जुळी मुले म्हणजे डोनाल्ड आणि डेला. ह्युई, ड्युई आणि लुई ही तिघे डेलाची. म्हणजे डोनाल्ड त्यांचा मामा, आणि स्क्रूज त्यांच्या आईचा मामा. आमच्याकडे ज्याला मामेआजोबा म्हणतात तो. सोन्याच्या नाण्यांच्या कोठारात पोहणाऱ्या त्या म्हाताऱ्याचे डकबर्गमधले प्रशस्त घर म्हणजे तीन मुलांचे आजोळ होते.

इंग्रजीतला 'अंकल' काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा आणि शेजारचे गृहस्थ अशा सगळ्यांना पुरतो, आणि पुरता पुरता नाते कुणाच्या बाजूने आले हे झाकूनही टाकतो. मराठीत तशी सवलत नाही. 'मामा' म्हटले की त्याच्या शेजारी त्याची बहीण उभी राहतेच, आणि ती दिसली नाही तर ती कुठे आहे असा प्रश्न आपोआप पुढे येतो. जुन्या 'डकटेल्स'ने हा प्रश्न कधीच येऊ दिला नाही. नव्याने तो पहिल्याच भागात समोर ठेवला. बंद पडलेली आवडती मालिका पुन्हा सुरू होणे म्हणजे काय असते, याचा मी त्या उन्हाळ्यात जो विचार केला तो या एका फरकाभोवतीच फिरत राहिला.

जुने 'डकटेल्स' अमेरिकेत सप्टेंबर १९८७ मध्ये सुरू झाले आणि १०० भागांनंतर १९९० मध्ये संपले. आपल्याकडे ते नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचे. आमच्या घरी, म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या मामाच्या घरी, लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही होता. चित्राला मुंग्या आल्या की मामा गच्चीवर जाऊन सेमिनरी हिल्सच्या दिशेने अँटेना फिरवायचा आणि वरून ओरडायचा, "आलं का?" खालून आम्ही दोघे भावंडे ओरडायचो, "आलं, आलं, गेलं!" ह्युईची टोपी लाल, ड्युईची निळी आणि लुईची हिरवी, हे मला फार पुढे, रंगीत टीव्ही आल्यावर कळले. आमच्या पडद्यावर तिन्ही टोप्या करड्या होत्या. त्यामुळे कोण कोणता हे आम्हीच ठरवून टाकले होते: जो आधी बोलेल तो माझा, जो शेवटी बोलेल तो ताईचा, आणि मधला कुणाचाच नाही.

मामा इतवारीतल्या एका धान्याच्या दुकानात हिशेब लिहायचा. तो आमच्याबरोबर कार्टून पाहायला बसायचा, पण त्याला हसू यायचे ते आमच्यापेक्षा वेगळ्या जागी. विमानचालक लाँचपॅड प्रत्येक वेळी विमान आपटतो आणि तरी कपडे झटकून उठतो, यावर आम्ही लोळून हसायचो. मामा मात्र स्क्रूजकडे गंभीरपणे पाहायचा. स्क्रूजने आयुष्यात मिळवलेले पहिले नाणे काचेखाली जपून ठेवलेले दाखवले, तेव्हा त्याने मान डोलावली होती, आपल्या पेढीवरच्या जुन्या, विश्वासाच्या माणसाची गोष्ट ऐकावी तशी. हे स्क्रूज नावाचे पात्र कार्ल बार्क्स या चित्रकथाकाराने डिसेंबर १९४७ मध्ये प्रथम रेखाटले. सुरुवातीला तो निव्वळ चिडका कंजूष होता. पुढे बार्क्सनेच त्याला कष्टाने वर आलेला, नाण्यानाण्यामागची आठवण सांभाळणारा माणूस केला. मामाला ही माहिती असण्याचे काही कारण नव्हते, पण तो पाहायचा तो बरोबर हाच स्क्रूज.

आम्ही मामाकडे का राहत होतो हे इथे सांगायला हवे. मी चार वर्षांचा असताना वडील गेले आणि आईला गडचिरोलीत एका कार्यालयात लिपिकाची नोकरी मिळाली. तिथे ती एका खोलीत राहायची. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असे, म्हणून शुक्रवारी रात्री उशिरा ती यायची आणि अंधार पडण्याआधी खोलीवर पोचता यावे म्हणून रविवारी सकाळीच निघायची. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी ही गावे मला भूगोलाच्या पुस्तकाआधी आईच्या तिकिटांवरून आणि बोलण्यातून पाठ झाली. गणेशपेठेच्या स्टँडवर तिला पोचवायला आम्ही तिघेही जायचो, आणि त्यासाठी घरातून निघायची वेळ नेमकी 'डकटेल्स'च्या मध्यावर यायची. त्यामुळे महिन्यातल्या दोन रविवारांचे भाग आम्ही कधी शेवटपर्यंत पाहिलेच नाहीत. खजिना सापडलेला असायचा, दरवाजा बंद होत असायचा, आणि मामी टीव्हीचे शटर ओढायची.

हंगेरी देशात एक पिढी स्वतःला या कार्टूनच्या नावाने ओळखते. १२ डिसेंबर १९९३ च्या रविवारी तिथले पंतप्रधान योझेफ आन्ताल यांचे निधन झाले आणि त्या घोषणेसाठी चालू असलेला 'डकटेल्स'चा भाग मध्येच तोडण्यात आला. ज्यांनी ज्यांनी ते लहानपणी पाहिले, त्यांच्यासाठी राजकारणाची पहिली आठवण म्हणजे अचानक नाहीसे झालेले बदक, आणि त्यावरून तिथे 'डकटेल्स पिढी' असा शब्दच रूढ झाला. हे मी वाचले तेव्हा मला त्या अनोळखी मुलांविषयी फार जवळीक वाटली. गोष्ट अर्धी तुटली की ती पूर्ण पाहिलेल्या गोष्टीपेक्षा जास्त काळ सोबत राहते.

एका रविवारचे मला अगदी स्पष्ट आठवते. आई पलंगाच्या कडेला बसून ताईची वेणी घालत होती. ताई तिच्या पायांशी, जमिनीवर, तोंड टीव्हीकडे. मामी समोर परातीत तांदूळ निवडत होती. पडद्यावर ती तिघे पिल्ले स्क्रूजला बिलगत होती, आणि मामी तांदळातून नजर न काढता म्हणाली, "अन् यांची आई कुठं गेली?"

तिच्या विचारण्यात काहीही नव्हते. ती अगदी सहज बोलली होती, कुठलीही बाई कुठल्याही पोरक्या दिसणाऱ्या मुलाविषयी बोलेल तशी. आईचा हात वेणीच्या मध्यावर थांबला. तीन पदर तिच्या बोटांत तसेच राहिले, मग तिने ते सोडले आणि वेणी पुन्हा वरपासून घालायला घेतली. मी म्हणालो, "मामी, कार्टूनमध्ये आई नसते." त्या वयात मला ते खरेच वाटत होते.

आता ती गोष्ट नीट माहीत झाल्यावर कळते, की कार्टूनमध्ये आई होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांवर डोनाल्डच्या चित्रमालिकेत ही तीन पिल्ले प्रथम आली, ती त्याला आलेल्या एका पत्रामागोमाग. पोरांनी वडिलांच्या खुर्चीखाली मोठा फटाका लावला, वडील इस्पितळात आहेत, तेव्हा काही दिवस मुलांना तुझ्याकडे पाठवते आहे, असे डेलाने त्यात लिहिले होते. हा विनोद होता आणि तो चांगला होता. पण त्यातले 'काही दिवस' कधी संपलेच नाहीत. पुढची कित्येक दशके चित्रपट निघाले, चित्रकथा निघाल्या, दूरदर्शनवर आलेली ती मालिका निघाली, आणि मुलांना न्यायला कुणी आले नाही. १९८७ च्या मालिकेने तर आणखी एक पाऊल पुढे टाकले. तिच्या सुरुवातीलाच डोनाल्ड नौदलात भरती होतो आणि पिल्ले स्क्रूजच्या हवाली करतो. आईने मामाकडे सोडले, मामाने त्याच्या मामाकडे सोडले, आणि यात कुणालाही काही वावगे दिसले नाही, कारण सगळे मिळून फार मजेत होते. आम्हीही मजेतच होतो.

नवी मालिका १२ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेत डिस्ने एक्सडी वाहिनीवर आली आणि मार्च २०२१ मध्ये संपली. म्हणजे आमच्या घरात ती लागली तेव्हा तिकडे तिचा शेवट होऊन वर्ष उलटले होते. पहिले दोन-तीन भाग मला आवडले नाहीत. चित्रे टोकदार, सपाट रंगांची. जुन्या हाताने रंगवलेल्या पार्श्वभूमीत जी ऊब होती ती दिसेना. विनोद इतक्या भराभर येतात की एक हसून संपेपर्यंत दुसरा निघून गेलेला असतो. स्क्रूजचा आवाज डेव्हिड टेनंटचा. तो उत्तम आहे, पण माझ्या कानात हिंदीतला अंकल स्क्रूज बसलेला, त्याला तिथून उठवणे सोपे नव्हते. मूळ इंग्रजी मालिकेत स्क्रूजला आवाज देणारे ॲलन यंग २०१६ मध्येच वारले होते, त्यामुळे तिकडच्या प्रेक्षकांनाही हे उठवणे अटळच होते.

माझे मत बदलले ते तिन्ही पिल्लांमुळे. जुन्या मालिकेत तिघांनाही रुसी टेलर या एकाच बाईंनी आवाज दिला होता आणि तिघे एकमेकांची वाक्ये पूर्ण करायचे; टोपीचा रंग सोडला तर वेगळे असे काही नव्हते. नव्या मालिकेत तीन निराळे नट आहेत आणि तीन निराळी मुले आहेत. ह्युई प्रत्येक गोष्ट पुस्तकात पाहून करणारा, ड्युईला सतत कुणीतरी आपल्याकडे पाहावे असे वाटणारा, लुई आळशी पण माणसे ओळखण्यात पटाईत. आता हसू येते ते केवळ कुणी आपटल्यामुळे नाही, तर अमुक प्रसंगात लुई काय म्हणेल हे आपल्याला माहीत असते आणि तो बरोबर तेच म्हणतो म्हणून. घरातल्या माणसांना आपण असेच हसतो. मला हा विनोद जुन्यापेक्षा वरच्या दर्जाचा वाटतो, आणि जुन्या मालिकेवर माझे इतके प्रेम असूनही हे मी म्हणू शकतो याचे मला समाधान आहे.

पहिल्या भागाच्या शेवटी ड्युईला स्क्रूजच्या घरात एक जुने चित्र सापडते. चित्रात स्क्रूज आहे, डोनाल्ड आहे, आणि तिसरी कुणी आहे जिच्याविषयी घरात कुणी बोलत नाही. माझ्या भाचीने मला हलवले. "ही त्यांची आई. मामाची बहीण."

पुढे पहिला सिझनभर ड्युई आईचा माग काढत राहतो आणि मोठी माणसे विषय बदलत राहतात. मग सगळे उघडे होते. स्क्रूजने डेलासाठी गुपचूप एक अंतराळयान बांधायला घेतले होते. डोनाल्डचा त्याला विरोध होता. डेलाला सुगावा लागला आणि अंडी अजून उबायची असताना ती यान घेऊन एकटीच निघाली, आणि वादळात हरवली. स्क्रूजने तिला शोधण्यात जवळजवळ सगळी संपत्ती घातली आणि अखेर थांबला. डोनाल्ड तिन्ही मुलांना घेऊन वेगळा झाला, एका होडीघरात राहून त्याने त्यांना वाढवले, आणि दहा वर्षे मामा-भाचे एकमेकांशी बोलले नाहीत. डेलाला अंतराळात पाठवण्याची कल्पना मुळात २०१४ ची, डोनाल्डच्या ऐंशीव्या वर्षानिमित्त नेदरलँड्समध्ये निघालेल्या एका चित्रकथेतली. पण तिच्यामागे राहिलेल्या माणसांच्या आयुष्यात काय झाले, हे या मालिकेने मांडले. ऑगस्ट २०१८ मध्ये पहिला सिझन संपतो त्या शेवटच्या दृश्यात चंद्रावर कुणीतरी दिसते. १९३७ च्या त्या पत्रानंतर ८१ वर्षे झाली होती.

दुसऱ्या सिझनमधला डेलाचा भाग आम्ही पाहिला तेव्हा आई खोलीतच होती. निवृत्त झाल्यापासून ती माझ्याकडेच असते. दुपारी ती आरामखुर्चीत डोळे मिटून पडते आणि ते झोपणे नसते. यान चंद्रावर कोसळले आहे, डेलाचा एक पाय गेला आहे, तिने यानाच्या तुकड्यांतून स्वतःसाठी पाय तयार केला आहे. प्राणवायू आणि पोषण दोन्ही देणारा एक च्युइंगम तिच्याकडे आहे, आणि वर्षानुवर्षे ती तोच चघळते आहे. मुलांची नावे ती मनाशी ठरवून गेली होती: जेट, टर्बो आणि रिबेल. त्या नावांशी ती बोलते, त्यांच्यासाठी यान दुरुस्त करते, ते पुन्हा मोडते, पुन्हा करते. नावे डोनाल्डने केव्हाच दुसरी ठेवली आहेत, हे तिला माहीत नाही.

भाची या नावांवर खूप हसली. आईने डोळे उघडले होते.

डेला घरी पोचते तो भाग मी अनेकदा मनात उगाळला आहे. दुसऱ्या कुठल्याही कार्टूनने तिला दारात उभे केले असते, चौघांना मिठी मारायला लावली असती आणि संगीत वाढवले असते. इथे मिठी आहे, पण ती संपल्यावर अडचण सुरू होते. डेलाला साहस येते, मुलांशी वागणे येत नाही. ती घाईघाईने दहा वर्षांची आई होऊ पाहते. आईला शोधण्यासाठी ज्याने जिवाचे रान केले तो ड्युई तिच्यामागे धावतो, पण लुईला ही बाई आपल्याला रागावते कोणत्या अधिकाराने हे समजत नाही, आणि ते तो लपवत नाही. हे सगळे हसवत हसवत दाखवले आहे, आणि एकही हसू खोटे नाही.

तेव्हाच आई म्हणाली, "तू मला पाणी विचारायचास."

मला कळले नाही.

"मी शुक्रवारी रात्री यायची ना. ताई झोपलेली असायची, तू जागा राहायचास. मी पिशवी खाली ठेवली की तू दारातच विचारायचास, 'पाणी आणू का?' पाहुणे आल्यावर विचारतात तसं." ती टीव्हीकडेच पाहत होती. "मामीनं शिकवलं होतं तुला, आल्यागेल्याला पाणी विचारावं म्हणून. मी नेहमी हो म्हणायची. तहान नसली तरी."

मला तो पेला आठवतो. पितळी होता, काठाला एक चेप होती, आणि मी तो काठोकाठ भरून न सांडता आणण्यात फार कौशल्य मानायचो. तिने तो दर वेळी पूर्ण संपवलेला मी पाहिला आहे. शुक्रवारची ती वेळ मी आजवर माझ्या बाजूनेच पाहिली होती. जे कार्टून ऐन मध्यावर सोडून आम्ही तिला स्टँडवर पोचवायला जायचो, त्याच्याच नव्या रूपाने ती मला दुसऱ्या बाजूने दाखवली, आणि तेही आईच्या देखत.

भाचीला या बोलण्यात रस नव्हता. तिने पुढचा भाग लावला. इथे कथेत एक वळण आहे आणि ते मला साऱ्या मालिकेत सर्वांत धीट वाटते. डेला परत आली आहे हे डोनाल्डला कळायच्या आतच तो अपघाताने त्याच यानात अडकतो आणि यान चंद्राकडे उडते. घरातल्या सर्वांना वाटते की तो सुटीवर गेला आहे. दहा वर्षे ज्याने मुलांना खाऊ घातले, त्यांच्या शाळा पाहिल्या, काळजीने जीव पाखडला, त्या मामाची कुणी चौकशीही करत नाही, कारण आई आल्याचा आनंद मोठा आहे.

"म्हणजे ही आली आणि भाऊ तिकडे गेला?" आईने विचारले.

"हो."

"कधी येतो मग तो?"

"सिझन संपताना," भाची म्हणाली.

"तोवर कुणाला पत्ताच नाही?"

"त्यांना वाटतं तो फिरायला गेलाय."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझा फोन दे."

मामा आता ८१ वर्षांचा आहे. मामी गेल्यानंतर महालातच, त्याच घरात, खालच्या खोलीत राहतो. आई त्याला रोज संध्याकाळी सातला फोन करते, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. दुपारी अडीचला फोन वाजलेला पाहून तो घाबरला असावा, कारण पलीकडचा आवाज मला कूलरच्या घरघरीतूनही ऐकू आला. "काय झालं? पोरं बरी आहेत ना?"

"काही नाही, दादा," आई म्हणाली. "सहजच केला. जेवून राहिला होतास का?" आणि दुसऱ्या हाताने तिने भाचीला टीव्हीचा आवाज कमी करायची खूण केली.